आयिया आन्ना: लेकरं-आजीआजोबांसह नाक्सोसच्या किनाऱ्यावर

ग्रीसला निघालोय म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "सांतोरिनी ना?" सांतोरिनी देखणं आहे, वाद नाही. पण बरोबर सहा वर्षांचं पोर आणि गुडघ्यांनी सतावलेली आजी असेल, तर कड्यावरच्या त्या पायऱ्या पहिल्याच दिवशी जीव काढतात. आम्ही त्याच सिक्लाडिस द्वीपसमूहातल्या नाक्सोसवर उतरलो आणि आयिया आन्ना नावाच्या गावात सहा रात्री मुक्काम ठोकला. त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच कुटुंबांना फोनवरून जे पुन्हा पुन्हा सांगितलं, ते इथे एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात आधी एक हट्ट. "सात दिवसांत चार बेटं" छापाचा बेत कागदावरच फाडून टाका. बेट बदलायचं म्हणजे सकाळी बॅगा भरा, धक्क्यावर उन्हात थांबा, बोटीत चढा, उतरा आणि नवी खोली दुपारी मिळेपर्यंत सामानावर बसून राहा. मुलांसाठी तो दिवस गेलाच. एक बेट, एक गाव, किमान पाच रात्री. बाकी सगळं यानंतर.

कधी जायचं

हे गाव मे ते ऑक्टोबर जागं असतं. ऑक्टोबर संपत आला की खोल्या आणि खानावळी एकेक करून बंद होतात, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीचा बेत इथे चालत नाही. बोटी येतील, पण तुम्हाला जेवू घालायला कुणी नसेल. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी, चढे भाव आणि उत्तरेकडून सुटणारा मेल्तेमी नावाचा वारा. सप्टेंबर सर्वोत्तम, पाणी उन्हाळाभर तापून मऊ झालेलं असतं. पण शाळा बुडवून आणि गणपती टाकून कोण जाणार! आपल्या उन्हाळी सुट्टीत बसणारा काळ म्हणजे मेचा शेवट ते जूनचा मध्य. तेव्हा पाणी मात्र गार असतं. कोकणातल्या कोमट समुद्राची सवय असलेली मुलं पहिल्यांदा पाय घालून किंचाळतील आणि दहा मिनिटांनी बाहेर यायला तयार नसतील.

व्हिसा

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण सुट्टीच्या हंगामात भेटीची वेळ मिळणंच अवघड असतं. मेअखेर निघायचं तर फेब्रुवारीत कागद गोळा करायला लागा. प्रौढांना ९० युरो शुल्क, ६ ते १२ वयाच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना काही नाही. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बाराखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा असावा आणि त्यात दोन कोरी पानं असावीत. मुलांबरोबर आईबाबांपैकी एकच जण जाणार असेल, तर दुसऱ्याचं संमतीपत्र लागतं. आजीबरोबर नातवंडं पाठवायची असतील तर दोघांचंही.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच काढून न्या. तिथे गेल्यावर तो मिळत नाही.

अथेन्स ते धक्का

अथेन्सहून नाक्सोसला छोटं विमान जातं आणि पाऊण तासात पोचवतं. तरी बोट घ्या. मुलांना अर्धी सहल बोटीतच सापडते.

पिरेअस हे अथेन्सचं मोठं बंदर. विमानतळावरून तिथे थेट मेट्रो जाते आणि एक्स ९६ क्रमांकाची बस दिवसरात्र चालते. सामान जास्त असेल तर बस बरी, मेट्रोत गर्दीच्या वेळी खिसे सांभाळावे लागतात. बंदर अवाढव्य आहे. तिकिटावर ई अक्षर आणि आकडा असा गेटचा क्रमांक असतो, तो बघूनच बसमधून उतरा. चुकीच्या गेटवर उतरून चार बॅगा ओढत पोचेपर्यंत आमच्यात महायुद्ध पेटलं होतं.

ज्या दिवशी विमान उतरतं त्याच दिवशी बोट धरू नका. पहिली रात्र पिरेअसमध्ये काढा. उन्हाळ्यात ग्रीसचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे असतं, त्यामुळे रोज सातला उठणारी मुलं तिथे पहाटे साडेचारला टक्क जागी असतात. एरवी वैताग आणणारी ही गोष्ट सकाळी साडेसातच्या सुमाराच्या बोटीसाठी मात्र वरदान ठरते.

बोटीत

दोन प्रकारच्या बोटी असतात. मोठी संथ बोट पाच-साडेपाच तास घेते. वेगवान बोट साधारण साडेतीन-चार तासांत पोचवते, पण महाग पडते, वाऱ्यात जास्त उसळते आणि बहुतेकींत बाहेर उघड्यावर उभं राहायला जागा नसते. मुलं आणि आजी बरोबर असतील तर मोठीच घ्या. पाचखालच्या मुलांना सहसा पैसे पडत नाहीत, पण शून्य रकमेचं का होईना, त्यांच्या नावाचं तिकीट लागतं. पाच ते दहा वयाला बहुधा अर्धं. नावं पासपोर्टवर आहेत तशीच घाला. थोडे जास्त युरो देऊन क्रमांकाची खुर्ची घ्या, नाहीतर कॅफेतल्या सोफ्यासाठी आपल्या लोकलच्या चौथ्या सीटसारखी झटापट होते. आत एसी चांगलाच बोचतो, शाल वरच ठेवा. उलटीची गोळी बोट सुटण्याआधी द्यायची, सुटल्यावर नाही.

चढताना खाली गाड्यांच्या तळघरात सामानाचे कप्पे दिसतील. त्यांवर बेटांची नावं असतात. आपल्या बॅगा 'नाक्सोस'च्या कप्प्यात ठेवा आणि औषधं, पासपोर्ट, मुलांचा खाऊ घेऊन वर जा. वाटेत बहुधा आधी पारोस बेट लागतं, तिथे उतरू नका. नाक्सोसची घोषणा झाली की लगेच खाली या, कारण बोट धक्क्याला काही मिनिटंच थांबते. तळघरात अंधार, डिझेलचा वास, शेजारी गाड्या सुरू, आणि समोरची अवजड फळी करकरत खाली येते. मुलांचा हात घट्ट धरायचा तो इथे.

बाहेर पडताच डावीकडच्या छोट्या टेकाडावर संगमरवराची एक प्रचंड चौकट उभी दिसते. ती पोर्तारा. तिच्याविषयी पुढे.

गावात पोचणं आणि खोली

बेटाच्या मुख्य गावाला होरा म्हणतात. 'ह' घशातून, थोडा 'ख'कडे झुकलेला. आयिया आन्ना तिथून साधारण सहा-सात किलोमीटर. बसथांबा धक्क्यासमोरच आहे आणि हंगामात आयिओस प्रोकोपिओस, आयिया आन्ना, प्लाका अशी किनाऱ्याची बस दिवसभर फेऱ्या मारते. पाट्यांवर 'जी' अक्षर दिसतं म्हणून 'अगिया' म्हणू नका, 'आयिया' म्हणा. अर्थ 'संत', म्हणून हे गाव संत आन्नाचं, येशूच्या आजीचं. आमच्या आजींना ही माहिती फार आवडली.

बऱ्याच खोल्यांचे मालक आधी कळवलं तर धक्क्यावर गाडी घेऊन येतात. बुकिंग करतानाच विचारून ठेवा.

हॉटेलपेक्षा 'स्टुडिओ' शोधा. तिथे एका भिंतीला ओटा, दोन शेगड्या, छोटा फ्रिज आणि चार भांडी असतात. विचारायच्या गोष्टी तीन: कितवा मजला (लिफ्ट बहुतेक ठिकाणी नसतेच), समुद्र किती पावलांवर, आणि मुलांसाठी जादा पलंग आहे की नुसता सोफा. मुक्कामाच्या शेवटी सरकारी कर प्रत्येक रात्रीचा वेगळा घेतात. तो बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो, तेव्हा कुणी फसवतंय असं समजू नका.

न्हाणीघरातली पाटी गंभीरपणे घ्या. कागद संडासात टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. तिथल्या सांडपाण्याच्या नळ्या अरुंद असतात. नळाचं पाणी धुण्याभांड्याला, पिण्यासाठी बाटल्या विकत घेतात. आपले दोन गोल पिनांचे चार्जर तिथे बसतात, तीन पिनांचे नाही.

समुद्र

आयिया आन्नाचं सुख म्हणजे छोटा मासेमारी धक्का, त्याच्याजवळ खडकावरचं इवलंसं पांढरं चॅपल आणि दोन्ही बाजूंना वाळू. पाणी इतकं नितळ की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पायाची नखं मोजावीत. आपल्याकडच्या माणसाला चुकल्यासारखं वाटतं ते भरती-ओहोटीचं. इथे ती जवळपास नाहीच. गुहागरला दुपारी समुद्र कुठल्या कुठे मागे गेलेला असतो, इथे सकाळी टॉवेल टाकला तिथून पाणी संध्याकाळीही तेवढंच लांब.

तरी गाफील राहू नका. उत्तरेला लागून असलेला आयिओस प्रोकोपिओसचा किनारा जास्त प्रसिद्ध आहे, लांबलचक आहे, पण तिथे पाणी लवकर खोल होतं. अगदी लहान मुलांसाठी आयिया आन्नाचा धक्क्याजवळचा भाग बरा, किंवा होराला लागून असलेला आयिओस यॉर्यिओसचा उथळ किनारा, जिथे बरंच आत गेलं तरी पाणी मुलांच्या कमरेलाच. दक्षिणेला प्लाका सुरू होतो, कित्येक किलोमीटर वाळू आणि मागे वाळूच्या टेकड्या. सुंदर आहे. पण त्याच्या काही भागांत लोक कपड्यांविना ऊन खातात, हे आजोबांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. आम्ही सांगितलं नव्हतं.

खडकांजवळ काळे काटेरी समुद्री साळू असतात, म्हणून रबरी बूट न्या. छत्री-खुर्चीचे पैसे पडतात, पहिल्या रांगेचे जास्त. फुकट सावली हवी तर अल्मिरिकीची झाडं शोधा. कोकणात किनाऱ्यावर सुरूची झाडं असतात ना, तशीच ही, फक्त बुटकी आणि पसरट. सकाळी नवाच्या आत गेलात तर त्यांच्याखाली जागा मिळते. अकरा ते चार मुलांना उन्हात ठेवू नका. वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही आणि रात्री पाठ टोमॅटोसारखी होते.

बाईमाणसांनी काय घालावं, हे मला बऱ्याच जणी दबक्या आवाजात विचारतात. जे हवं ते. मी गुडघ्यापर्यंतच्या पोहण्याच्या पोशाखात होते, सासूबाई पंजाबी ड्रेस गुडघ्यापर्यंत वर धरून पाण्यात उभ्या, शेजारी एक ग्रीक आजी बिकिनीत. कुणाला कुणाचं काही पडलेलं नव्हतं.

शाकाहारी पोटाची सोय

ही खरी चिंता असते, आणि ती उगाच असते. ग्रीक माणूस परंपरेने वर्षातले कितीतरी दिवस उपास करतो, आणि त्या उपासात मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही. त्यामुळे त्यांच्या घरच्या स्वयंपाकात डाळी-भाज्यांचं मोठं खटलं आहे. खानावळीला ताव्हेर्ना म्हणतात. आत जाऊन 'मायिरेफ्ता' काय आहे ते विचारा, म्हणजे आज सकाळी पातेल्यात शिजवलेलं. यिगांतेस म्हणजे टोमॅटोत भाजलेले मोठ्ठे पांढरे वाल. रेविथिया म्हणजे छोल्यांचं साधं कालवण. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट गोळा वरण, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल. त्यावर लिंबू पिळलं की आजोबांचं जेवण झालंच. होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी. कोलोकिथोकेफ्तेदेस म्हणायला जीभ वळली नाही तर बोट दाखवा, ती झुकिनीची भजी आहेत. येमिस्ता म्हणजे भाताने भरलेले टोमॅटो आणि मिरच्या, पण त्यात कधी खिमाही असतो, विचारून घ्या.

'होरिस क्रेआस' म्हणजे मांसाशिवाय. 'इमे होर्तोफागोस' म्हणजे मी शाकाहारी आहे. 'निस्तीसिमो' म्हणजे उपासाचं, हा शब्द ऐकला की जवळपास सगळं सुरक्षित. जवळपास अशासाठी की त्यांच्या उपासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतो! काटेकोर असाल तर तेवढं विचारा. चीजमध्ये प्राणिज विरजण असतं, त्याचा निर्णय ज्याचा त्याने करावा. नाक्सोसचं ग्राविएरा चीज मुख्यतः गाईच्या दुधाचं आणि चवीला सौम्य. आमच्या धाकट्याने आठवडाभर तेच खाल्लं, त्याबरोबर तळलेले बटाटे. नाक्सोसचा बटाटा ग्रीसभर नावाजलेला आहे, तेव्हा "काय सारखा बटाटा" म्हणून पोरांना दटावू नका. गोडात रिझोगालो मागवा. ती तांदळाची खीरच, फक्त गार आणि वर दालचिनी.

खिचडीचं सामान न्यायचं असेल तर तूरडाळ, मसाले, मेतकूट खुशाल न्या. पण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणून तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या घरीच ठेवा. कढीपत्ता, मिरच्याही नकोत. आणि हो, हापूससुद्धा नाही.

गावाचं घड्याळ

दुपारी तीन ते साडेपाचच्या दरम्यान गाव झोपतं. तेव्हा मुलांचा गोंगाट, मोठ्याने गाणी, शेजाऱ्याचं दार वाजवणं वर्ज्य. पुण्यात वाढलेल्यांना हे वेगळं शिकवायला नको. जूनमध्ये सूर्य साडेआठनंतर मावळतो आणि जेवणं नऊला सुरू होतात. ग्रीक मुलं रात्री अकरालाही अंगणात चेंडू खेळत असतात. आपली साडेसातच्या जेवणाची घाई सोडा. दुपारी मुलांना झोपवा आणि रात्री त्यांच्यात सोडून द्या, भाषा लागत नाही.

मोठ्यांना मात्र एक शब्द नक्की फसवतो. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे होय! नाही म्हणायला 'ओही'. आणि कुणी न बोलता मान वर उचलून जिभेने 'च्क' केलं तर तेही नाहीच. हे एक मराठी माणसाला आपसूक कळतं. 'कालिमेरा' म्हणजे सुप्रभात, 'एफहारिस्तो' म्हणजे धन्यवाद. एवढ्यावर आठवडा निघतो.

अडचण आलीच तर ११२ हा आणीबाणीचा क्रमांक. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो. हॉस्पिटल होरामध्ये आहे.

एक संध्याकाळ, एक दिवस

संध्याकाळ पोर्तारासाठी. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात लिग्दामिस नावाच्या सत्ताधीशाने बांधायला घेतलेल्या मंदिराचा हा दरवाजा. मंदिर पुरं झालंच नाही, सुमारे सहा मीटर उंचीचं दार तेवढं उरलं. ग्रीक पुराणातल्या थेसेउस नावाच्या वीराने आरियाद्नी या राजकन्येला याच बेटावर झोपलेली सोडून पळ काढला आणि मग मद्याचा देव दियोनिसोस याने तिच्याशी लग्न केलं, अशी कथा आहे. बसमध्ये मुलांना ती सांगून ठेवा, मग दार बघताना प्रश्न संपत नाहीत. वाटेवर दोन्ही बाजूंनी लाटा उडतात, टोप्या हातात धरा.

दिवस डोंगरासाठी, आणि त्याच दिवसापुरती गाडी घ्या. वाहनं उजवीकडून चालतात, मुलांची खुर्ची आधी मागून ठेवा. चारचाकी उघड्या मोटरसायकली जागोजागी भाड्याने मिळतात. ग्रीक लोक त्यांना 'गुरुना' म्हणजे डुकरीण म्हणतात, त्यावरून काय ते समजा. सांग्रीजवळ शेताच्या मधोमध धान्याची देवी दिमित्राचं संगमरवरी मंदिर आहे, तिथे सकाळीच जा, सावली नाही. मग हाल्की गाव. इथे १८९६ पासून चालू असलेल्या भट्टीत कित्रो नावाचं मद्य गाळतात, ज्या झाडाच्या पानांपासून ते बनतं ते म्हणजे आपलं म्हाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच फळ! सासूबाईंनी झाडाला हात जोडले आणि मग आम्हा दोघांच्या हातातल्या इवल्या पेल्यांकडे पाहिलं. मुलांसाठी त्याच फळाच्या सालीचा मुरंबा मिळतो. पुढे अपेइरान्थोस गावाच्या गल्ल्यांत संगमरवराची फरसबंदी आहे, घसरड्या चपला नकोत. शेवटी फ्लेरिओला हिरव्या सावलीत आडवा पडलेला कुरोस, म्हणजे पाय मोडल्यामुळे खाणीजवळच टाकून दिलेला अडीच हजार वर्षांपूर्वीचा दगडी तरुण. आमच्या मुलीला सगळ्यात जास्त तोच लक्षात आहे. "बाबा, बिघडला म्हणून त्याला घरी नेलंच नाही?"

परतीचा दिवस

वारा फार वाढला की बंदर-अधिकारी बोटी सोडायला मनाई करतात. त्याला 'आपागोरेफ्तिको' म्हणतात. पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा मिळते, पण तुमचं मुंबईचं विमान थांबत नाही. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशीच अथेन्स गाठा. तिथल्या टेकडीवरचे प्राचीन अवशेष, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिस, त्या मोकळ्या दिवशी बघून होतं, तेही सकाळी लवकर.

कित्रोची बाटली चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. खोली सहसा अकराच्या सुमाराला सोडावी लागते आणि बोट संध्याकाळची असेल, तर मालकीणबाईंना विचारा, त्या बॅगा अंगणात ठेवून देतात. मुलांचे पोहण्याचे कपडे, एक टॉवेल आणि ओलं भरायला एक प्लॅस्टिकची पिशवी सगळ्यात शेवटी, बॅगेच्या अगदी वर ठेवा. बस येईपर्यंत ती पुन्हा पाण्यात जाणारच आहेत.